मेल्यानंतरचा मुजरा

"नायकात एक दोष हवा रे भालचंद्रा. एकच. नसला तर तो मरणार कशानं? आणि दोन असले, तर तो आपल्यातलाच होतो. मग त्याच्यासाठी रडायला तिकीट काढून कोण येणार?"

दिनकरराव मास्तरांचा हा आवाज भालचंद्रानं पहिल्या तालमीत ऐकला होता. मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं लोटली, तरी आवाज कानात होता. पाखरू उडून गेल्यावरही फांदी हलत राहावी, तसा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शोकनाट्य मंडळानं मास्तरांचं हे वाक्य आपल्या घटनेत कलम पहिलं म्हणून घातलं, आणि त्याचा अर्थ काय हा प्रश्न पुढच्या सभेकडे सोपवला. पुढची सभा अजून व्हायची होती.

शोकांतिका जगात पुष्कळ ठिकाणी घडतात. पण शिस्तीत, वेळेवर आणि मानपानासकट त्या फक्त लष्करात घडत. नई सडकेच्या पाठीमागच्या गल्लीत मंडळाचं नाट्यगृह होतं आणि दर हिवाळ्यात तिथं 'सत्यकेतू'चा प्रयोग होई. मंडळाचं नाटक एकच होतं. (एक असताना दुसरं बसवणं म्हणजे पहिल्याचा अपमान.) राजा सत्यकेतू हट्टी असतो. रागाच्या भरात तो दवंडी पिटतो, की जो माझ्या तोंडावर खरं बोलेल तो हद्दपार. बोलते नेमकी त्याची लेक. तिसऱ्या अंकात राजासमोर दोन वाटा असतात: शब्द राखावा की लेक राखावी. तो शब्द राखतो. लेक रानात मरते, आणि पाचव्या अंकात राजा ऊर फुटून मरतो.

मंडळात भूमिका मानाप्रमाणे वाटल्या जात. अभिनय पाहून भूमिका देण्याची रीत दक्षिणेकडे निघाली आहे, असं कानावर होतं; तिच्यापायी तिकडे किती मंडळ्या फुटल्या, हेही कानावर होतं. इथं तसला धोका नव्हता. नायक कान्होजीरावांच्या घराण्याकडे, कारण नाट्यगृहाची जागा त्यांच्या वडिलांनी दरबारातून मिळवली होती. प्रधान जुन्या फडणिसी घरातला. शाप देणारा ऋषी भिक्षुकांच्या आळीतला (शाप त्यांना पाठ असत). उरलेल्या माणसाच्या हाती भाला देऊन त्याला द्वारपाल करत. हल्ली भाला माधवरावांकडे होता. माधवराव शाळेत शिकवत. त्यांचा आवाज डोहासारखा खोल होता, आणि सबंध नाटकात त्यांना वाक्य एकच होतं: "महाराज, कोणी भेटीला आलं आहे." ते ऐकून लोकांच्या अंगावर काटा येई. मग महाराज बोलू लागत, आणि काटा जाई.

कान्होजीरावांना नाटक येत नव्हतं. हे वाक्य इथं जितक्या सहज लिहिलं आहे, तितक्या सहज लष्करात कोणी उच्चारलेलं नव्हतं. माणूस देवभोळा, अंगानं भरलेला, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि मन सायीसारखं. रागाचं वाक्य आलं की ते समोरच्याची आधी क्षमा मागत आणि मग रागावत. एका वर्षी तर त्यांनी तिसऱ्या अंकात चुकून योग्य निर्णय घेतला. कन्येच्या भूमिकेतली राजलक्ष्मी नावाची पोर खरीच रडायला लागली, तेव्हा रावांनी सिंहासनावरून उतरून तिच्या डोक्यावर हात फिरवला. "रडू नको गं बाळ. कुठं नाही जायचं. राहा घरी," असं म्हणाले. झालं! शोकांतिकेला पुढं जायला जागाच उरली नाही. वनात मरायला टपलेली मंडळी रंग फासून विंगेत ताटकळली आणि प्रेक्षक रावांकडे प्रयोगानंतर असणाऱ्या पंगतीला लवकर जाऊन बसले. कार्यकारिणीनं ठराव केला, की नायकानं योग्य निवड केल्यास प्रयोग झाला नाही असं समजावं.

तरीही कान्होजीराव दर प्रयोगानंतर, तोंडावरचा रंग पुसत, चिटणीस भालचंद्राला विचारत, "कसं झालं रे?"

भालचंद्र म्हणे, "रावसाहेब, आज कळस झाला."

दर वर्षी कळस. देऊळ बांधायचं तेवढं राहून गेलं होतं.

याला भीड म्हणतात. ग्वाल्हेरच्या मराठी माणसानं दख्खनेतून येताना तलवार आणली, पोथी आणली, आणि भीड आणली. तलवार भिंतीवर गेली, पोथी फडताळात गेली, भीड मात्र रोज वापरात राहिल्यामुळे लखलखीत होती.

आता मुजऱ्याविषयी. रावांच्या वडिलांच्या काळी, पाचव्या अंकात राजा मरून पडलेला असताना दरबारातले कोणी बडे सरदार उशिरानं येऊन सज्ज्यात बसले. मेलेल्या राजानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. वरिष्ठ आल्यावर आडवं कसं राहायचं? ते उठले, तीन वेळा लवून मुजरा केला आणि परत जाऊन नीट मेले. तेव्हापासून तो रिवाज झाला. नायक मरे, उठे, सज्ज्याला मुजरा करी, मरे. लोक नाटक विसरत, पण मुजरा विसरत नसत. स्टेशनाजवळच्या पडावावरचे टांगेवालेसुद्धा विचारत, "वो मरके उठने वाला खेल कब है?"

पुढं संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला आणि सरदारांचा सज्जा रिकामा राहू लागला. मुजरा चालू राहिला. रिकाम्या खुर्चीला मुजरा करायला बरं वाटतं, असं राव म्हणत. ती मधेच उठून जात नाही.

मग छप्पन्न साल उजाडलं आणि नवा मध्य प्रदेश झाला. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल असे चार संसार एका चुलीवर आले. कचेऱ्या भोपाळला निघाल्या. फायलींचे गठ्ठे बैलगाड्यांतून पडावाकडे चालले, तेव्हा सासरी जाणाऱ्या लेकीकडे पाहावं तसे हेडक्लार्क लोक त्यांच्याकडे पाहत होते. चारही प्रदेशांचे हुद्दे वेगळे, वेतनश्रेण्या वेगळ्या. त्यांची बरोबरी लावायला समित्या बसल्या. त्या ओघात असं लक्षात आलं, की चारही प्रदेशांतल्या शोकनायकांचे दोषसुद्धा वेगवेगळ्या श्रेणींत आहेत. तेव्हा एक दोष-समकक्षता समिती नेमण्यात आली. भालचंद्र शिक्षण खात्याच्या ग्वाल्हेरात राहिलेल्या कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे अहवालाची स्वच्छ प्रत त्याच्याच टेबलावर तयार झाली. त्यातले निष्कर्ष असे:

अहंकार: महाकोशलात राजपत्रित, मध्य भारतात वंशपरंपरागत. तूर्त दोन्ही ग्राह्य.

क्रोध: विंध्य प्रदेशात हा गुण समजला जात असे. सेवाज्येष्ठता राखून दोषात वर्ग करावा.

मत्सर: चारही प्रदेशांत एकाच श्रेणीत आढळला. एकीकरणास अनुकूल असा हा एकमेव मुद्दा.

अनिर्णय: हा दोष मानावा की कार्यपद्धती, याविषयी निर्णय झाला नाही.

शेवटी परिपत्रक निघालं. शोकनाट्य करणाऱ्या संस्थेनं नायकाचा दोष आगाऊ कळवावा, दोष एकच असावा, आणि नायकानं चुकीचा पर्याय वरिष्ठांच्या संमतीनं निवडला की स्वतःच्या जबाबदारीवर, तेही नमूद करावं. उपसंचालक स्वतः येऊन प्रयोग पाहतील. संस्था जिवंत वाटली तर नाट्यगृह तिच्याकडे राहील. नाहीतर कचेऱ्या भोपाळला गेल्या तेव्हा मागं राहिलेल्या मोडक्या खुर्च्या त्यात ठेवण्यात येतील.

त्या दिवशी भालचंद्र थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात परतला तो जेवलाच नाही. मास्तरांनी त्याला त्या रंगमंचावर बोलायला शिकवलं होतं, चालायला शिकवलं होतं. बायको वनमाला त्याला पहिल्यांदा दिसली तीही तिथल्याच बायकांच्या सज्ज्यात. तिथं तीन पायांच्या खुर्च्यांचा ढीग पडलेला त्याला दिसू लागला.

"मग माधवरावांना राजा करा," वनमाला म्हणाली. "सगळ्या लष्कराला कळतं ते."

"कळतं गं. पण रावांना सांगणार कोण?"

"तुम्ही. चिटणीस तुम्हीच ना?"

"बघू," भालचंद्र म्हणाला.

वनमाला गावाकडच्या ओव्यांवर वाढलेली. तिला राग आला की तो ओवीतून येई.

"भिडस्त माझा राया, जसं दळण ओलं,
जातं गरागरा फिरे, पीठ नाही झालं."

"भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही," असंही ती वर म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलं, की रावांना स्पष्ट सांगावं. प्रधानाची भूमिका करणारे विश्वासराव हे काम घेऊन त्यांच्या घरी गेले. परत आले ते हातात तिळाच्या गजकाचा पुडा घेऊन.

"सांगितलंत?" भालचंद्रानं विचारलं.

"अहो, सांगणारच होतो. पण विजयाबाईसाहेब वहिनींनी पान वाढलं. जेवणाऱ्या तोंडानं कसं सांगायचं? मग म्हटलं, हात धुतल्यावर सांगू. हात धुतले तर राव म्हणाले, विश्वासराव, यंदा मला जमेल ना हो?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, तुमच्याशिवाय कोणाला जमणार!" विश्वासरावांनी गजकाचा तुकडा मोडला. "क्या करता? तोंडातून निघून गेलं."

मग ऋषी गेला. तो दोन वेळा वाढून घेऊन आला, आणि शाप द्यायला गेलेला माणूस आशीर्वाद देऊन परतला. शेवटी भालचंद्र स्वतः गेला. पुरणपोळी होती. रावांचा मुलगा जयसिंहराव दारातच म्हणाला, "काका, बाबासाहेब तर सुबह से तालीम करतायत. कोणाला झोपू देत नाहीयेत." आत राव आरशासमोर उभे राहून स्वतःवर रागवायचा सराव करत होते, आणि आरशातल्या माणसाची आधी क्षमा मागत होते. भालचंद्र सरळ पानावर जाऊन बसला. जाताना तो म्हणाला, "रावसाहेब, यंदा कळस होणार."

ही दुबळेपणाची गोष्ट आहे असं कोणी समजू नये. दुबळा माणूस हात टेकतो. मंडळानं उपाय शोधला. माणूस बदलता येत नसेल, तर नाटक बदलावं. राव वाक्यं विसरतात? मग राजाचा दोष हट्टाऐवजी मौन करावा. दोष एकच असावा ही अट होतीच, आणि मौनाला पाठांतर लागत नाही. राजाची सगळी भाषणं द्वारपालाकडे सोपवावीत: "महाराजांच्या मनात असं आहे, की..." अशी सुरुवात करून माधवरावांनी ती म्हणावीत. रावांचे गुडघे दुखतात? राजानं सिंहासनावरच राहावं. चुकून योग्य निवड करतील? निवडसुद्धा द्वारपालानंच जाहीर करावी. राजाकडे दोनच कामं उरली. मरणं आणि मुजरा.

पण मुजरा आता कोणाला? यावर ज्या सभा झाल्या, त्या कौरव-पांडवांच्या बोलण्यांपेक्षा लांबल्या. उपसंचालकांना करावा म्हटलं, तर उद्या संचालक आले तर काय करायचं? सज्ज्याला करावा, तर नव्या राज्याशी निष्ठा संशयास्पद. अखेर असं ठरलं, की प्रजाच आता राजा आहे. मुजरा प्रेक्षकांना करावा. ठराव वाचून झाल्यावर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला कोणीतरी मुजरा करणार, या विचारानं भल्याभल्यांना भरून येतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी थंडी कडाक्याची होती. माणसं शालींच्या गाठोड्यांसारखी खुर्च्यांवर बसली होती. जबलपूरकडचे उपसंचालक साहेब पहिल्या रांगेत बसले होते. पडदा उघडला. सिंहासनावर कान्होजीराव, शेजारी भाला घेतलेले माधवराव. आणि माधवराव बोलू लागले.

असं बोलणं त्या नाट्यगृहात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. "महाराजांच्या मनात असं आहे," माधवराव म्हणत, आणि लेकीला घालवून देणाऱ्या बापाचं काळीज जात्याखालच्या दाण्यासारखं भरडलं जाताना ऐकू येई. रावांनी कसलीच हालचाल केली नाही. फक्त एकदा, लेक निघाली तेव्हा, त्यांचा हात नकळत तिच्याकडे उचलला गेला. मग ठरलेलं आठवून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

मध्यंतरात साहेबांनी भालचंद्राला बोलावलं. "पंडितजी, राजा बोलता क्यों नहीं?"

"दोष आहे साहेब. मौन."

"अच्छा!" साहेबांनी मान डोलावली. "बहुत गहरी बात है. हमारे यहां तो राजा चिल्लाते हैं. हॉल आपका पक्का समझिए. बस, वो मरके सलाम करने वाला हिस्सा जरूर रखिएगा. घरवाली ने खास कहा है."

भालचंद्राला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं विंगेत येऊन सगळ्यांना सांगितलं. विश्वासरावांनी त्याला मिठी मारली. खोटं इतकं नीटस उभं राहिलं होतं, की त्याला दृष्ट लागू नये म्हणून कोणीतरी मीठमोहऱ्या ओवाळायला हव्या होत्या.

पाचवा अंक आला. राजा मेला. सभागृह सावरून बसलं, शाली नीट झाल्या, एकदोघांनी टोप्या सरळ केल्या. कान्होजीराव उठले. सिंहासन सोडून कडेपर्यंत आले. लोकांनी माना पुढं केल्या.

राव वाकले नाहीत.

"मंडळी," ते म्हणाले, "मला नाटक येत नाही."

साहेब खुर्चीत पुढं सरकले.

"पहिल्या प्रयोगापासून मला ठाऊक आहे. वडिलांनी मान दिला, मग तुम्ही दिलात. मान घ्यायला नाही कसं म्हणायचं? मला तर भाला घेऊन दारात उभं राहायला आवडलं असतं. दर वर्षी वाटायचं, यंदा कोणीतरी म्हणेल, कान्होजी, पुरे. कोणी म्हटलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवत राहिलात, म्हणून मी मरत राहिलो."

हे ऐकून सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब तर उभे राहिले. "वाह! क्या डायलॉग है!"

रावांनी टाळ्या ओसरू दिल्या. "बघा," ते म्हणाले, "परत." आणि विंगेकडे वळले. "भालचंद्र, जरा इकडे ये."

भालचंद्र कोट-टोपीत, हातात नाटकाची वही घेऊन रंगमंचावर आला. दिव्यांच्या उजेडात त्याला रावांचा चेहरा जवळून दिसला. रंगाखाली घाम होता, आणि डोळे परसातल्या विहिरीसारखे स्वच्छ होते.

"तू तरी सांग," राव म्हणाले. "कसं झालं?"

इथं न्यायानं सांगायला हवं, की भालचंद्रासमोर दोन वाटा होत्या. 'कळस झाला' म्हटलं, की नाट्यगृह वाचलं. साहेबांच्या मते हा सगळा नाटकाचाच भाग होता. खरं म्हटलं, तर नाट्यगृह खुर्च्यांना जाणार. तिसऱ्या अंकात सत्यकेतूपुढं असाच पेच असतो. फरक इतकाच, की सत्यकेतूचं उत्तर लिहिलेलं असतं. भालचंद्रानं सवयीनं वही उघडलीसुद्धा. या पानावर काही नव्हतं. नाटक आधीच संपलं होतं.

त्यानं प्रेक्षकांकडे पाहिलं. सगळे ओळखीचे होते. (वाचकांनी आपण तिथं नव्हतो म्हणून निश्चिंत राहू नये. दर प्रयोगाला सगळ्यांत आधी येऊन बसणारं माणूस कोणाच्या तरी घरचं असतंच.) बायकांच्या बाजूला वनमाला बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"कळस..." तो म्हणाला आणि अडला.

साहेबांनी टाळीसाठी हात उचलले.

"नाही रावसाहेब," भालचंद्र म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच नवा वाटला. "तुम्हाला नाटक येत नाही. कधीच येत नव्हतं. आणि ती भीड होती असंही समजू नका. भीड असती, तर एखाद्या वर्षी तरी आम्ही टाळ्या वाजवून सरळ घरी गेलो असतो. प्रयोग संपला की तुमच्याकडे पंगत असायची. आम्हाला जेवायचं होतं, रावसाहेब."

कोणीतरी खुदकन हसलं. भालचंद्रानं वळून अंधारात पाहिलं.

"आणि आत्ता ज्यांना हसू येतंय ना, त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा वाढून घेतलंय."